साखर कमी करायचीय? पेढ्याचं नंतर बघू, आधी चहाचा चमचा मोजा

साखर सोडायची ठरली की आपल्याकडे लोक सगळ्यात आधी काय करतात, तर मिठाई बंद. लग्नात जिलबी नको, ऑफिसात कुणाच्या मुलीला दहावीला चांगले मार्क पडले म्हणून पेढे आले तर हात जोडून नको, श्रीखंडाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत तीन चहा झालेले असतात, प्रत्येकात दोन-दोन चमचे, सोबत चार बिस्किटं, ती तर कुणी धरतच नाही हिशोबात. मग पंधरा दिवसांनी वजन तिथंच, चिडचिड वाढलेली, आणि एका संध्याकाळी अख्खा गुलाबजामचा डबा साफ.

माझं म्हणणं साधं आहे. मराठी घरातली साखर गोडधोडात कमी आणि रोजच्या सवयीत जास्त असते. पेढा महिन्यातून दोनदा येतो, चहा दिवसातून तीनदा, म्हणून कमी करायची ती रोजची. खाली जे लिहिलंय ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, आणि याच क्रमाने करा असं सांगेन, कारण क्रम उलटा झाला की बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात गळतात.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट

डायबिटीसची औषधं चालू असतील, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या, तर खाणं अचानक बदलू नका. औषधाचा डोस तुमच्या आत्ताच्या खाण्यावर बसवलेला असतो, खाणं एकदम कमी केलं तर रक्तातली साखर खूप खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. आणि घाम फुटला, हात थरथरले, डोकं गरगरलं तर त्या क्षणी 'मी साखर सोडलीय' वगैरे काही नाही, तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्यायचं, पंधरा मिनिटांनी शुगर तपासायची, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल. गरोदर बायका, वजन आधीच कमी असलेले आणि खाण्याच्या बाबतीत पूर्वी मानसिक त्रास झालेले, यांनीही स्वतःच्या मनाने कडक नियम लावून घेऊ नयेत.

पहिली पायरी: किराण्याची यादी काढा

ॲप वगैरे काही नको. महिन्याला घरात किती किलो साखर येते एवढंच बघा. चार माणसांचं घर आणि महिन्याला पाच किलो साखर, तर भागाकार करा, माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे आठ चमचे. आणि यात बिस्किट, केचप, कोल्ड्रिंक, बाहेरचा चहा काहीच धरलेलं नाही.

आता किती चालते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर (त्यात मध आणि फळांचा रसही आला) दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या खाली. साधारण २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. आपल्याकडच्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही मर्यादा साधारण तेवढीच आहे. चार माणसांना रोज २५ ग्रॅम म्हणजे महिन्याला बरोबर तीन किलो, तेही बाहेरचं काहीच खाल्लं नाही तर. तर पाचाचे तीन करायचे, मग अडीच, हे टार्गेट. एका रात्रीत नाही, दोन-तीन महिन्यांत.

घरात कुणी वाणसामान वेगळं आणत असेल, म्हणजे आई डीमार्टातून आणते आणि बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून मध्येच एक किलो उचलतात, तर दोघांचं धरा हं. आणि गूळही याच यादीत लिहा. गुळाबद्दल पुढे बोलतो, चिडू नका.

दुसरी पायरी: पोह्याचा चमचा साखरेच्या डब्यातून हद्दपार

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक घरांत साखरेच्या डब्यात पोह्याचा चमचा असतो. आणि आपण तो सपाट भरत नाही, शीग लावून भरतो. किचनचा वजनकाटा असेल तर एकदा वाटी ठेवून खरंच मोजा. लहान चहाचा चमचा सपाट भरला तर चार-पाच ग्रॅम साखर बसते, पोह्याचा शीग लावून भरला तर त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे 'मी चहात एकच चमचा घेते' असं म्हणणारी बाई प्रत्यक्षात दोन-अडीच चमचे घेत असते आणि खोटंही बोलत नसते.

तर पहिल्या आठवड्यात साखर कमी करायची नाही, फक्त चमचा बदलायचा. डब्यात लहान चमचा टाका आणि आत्ता जेवढी साखर घालता तेवढीच लहान चमच्याने मोजून घाला. आकडा कळू दे. चार कपाच्या आधणात आठ चमचे पडत असतील तर आठ लिहा फ्रिजवर.

दुसऱ्या आठवड्यात आठाचे सात. दहा दिवसांनी सहा. असं. एकदम आठाचे दोन केले तर घरातला प्रत्येक माणूस कप खाली ठेवून तुमच्याकडे बघेल आणि सासरे स्वतः उठून साखर घालून घेतील. एक चमचा कमी झालेला चार कपांत कुणालाच कळत नाही, आणि सांगायचीही गरज नाही. जिभेला कमी गोडाची सवय व्हायला वेळ लागतो पण होते नक्की, दोन-तीन महिन्यांनी जुन्या प्रमाणातला चहा पाक प्यायल्यासारखा लागतो.

चहात चव राहावी म्हणून आलं जरा जास्त, वेलची, गवती चहा, हिवाळ्यात दालचिनीचा तुकडा. दूध थोडं दाट घेतलं तरी फरक पडतो कारण दुधाला स्वतःचा थोडा गोडवा असतोच. आणि पावडर कमी उकळा, जास्त उकळलेला कडक चहा साखर मागतोच.

इथे एक गोष्ट आवर्जून. चहा बंद करू नका. खूप जण जोशात चहाच सोडतात, मग दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकतं की काही विचारू नका, आणि म्हणतात 'साखरेचं व्यसन किती वाईट बघा'. त्या डोकेदुखीमागे बहुतेकदा कॅफिन असतं. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने एकदम सोडलं की दिवसभराच्या आत डोकं धरतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आठवडाभर कुरकुर चालू शकते. एका वेळी एकच लढाई, चहा राहू दे, साखर उतरवा.

हिशोब करून बघा, दिवसाला तीन कप आणि प्रत्येकात पाच ग्रॅमचा एक चमचा कमी झाला तर १५ ग्रॅम वाचले. वर्षाला माणशी साडेपाच किलो साखर. पेढे सोडून एवढी कधीच वाचली नसती.

बाहेरचा चहा

टपरीवर 'भाऊ साखर कमी' म्हणून उपयोग नसतो, पातेल्यात ती आधीच उकळलेली असते. कटिंग घ्या, म्हणजे आपोआप कमी जाते. ओळखीचा टपरीवाला असेल तर सकाळी पहिलं आधण टाकताना बिनसाखरेचा अर्धा कप बाजूला काढून देतो, मागून बघा. ऑफिसच्या मशीनमध्ये प्रीमिक्स असतं, त्यात साखर मिसळलेलीच असते बऱ्याचदा, बटणावर काहीही लिहिलेलं असो, पाकीट मागून वाचा. तिथे टी-बॅग आणि दूध वेगळं मिळत असेल तर ते बरं.

कुणाकडे गेल्यावर बिनसाखरेचा मागितला की 'अगंबाई, तुला शुगर आहे का?' हे येणारच. हो म्हणू नका, नाही म्हणून लांबलचक भाषणही देऊ नका. 'अर्धाच कप द्या' म्हणा, विषय संपतो.

तिसरी पायरी: पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचायचंच नाही. मल्टिग्रेन, डायजेस्टिव्ह, विथ गुडनेस ऑफ हनी, हे सगळं पुढे. मागे उलटा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. पहिल्या तीनात साखर आली की समजून जा. तिथे साखर दरवेळी साखर म्हणूनच लिहिलेली नसते, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप ही सगळी तीच मंडळी. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेत धरत नाहीत पण रक्तातली साखर तेही झपाट्याने वाढवतं.

मग खालच्या तक्त्यात 'ॲडेड शुगर' ही ओळ बघा. आकडा बहुतेक १०० ग्रॅममागे असतो, त्यावरून तुम्ही खाता तेवढ्याचा काढायचा आणि पाचाने भागायचं, म्हणजे चमचे कळतात. मारी बिस्किट साधं वाटतं पण एका बिस्किटात एखादा ग्रॅम असतेच, आणि मारी कुणी एक खात नाही. क्रीमच्या बिस्किटात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत साखर सहज असते. टोमॅटो केचपचा एक मोठा चमचा म्हणजे जवळपास एक चहाचा चमचा साखर. पाव लिटर कोला म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाचा कोटा एका बाटलीत संपला. उसाचा रस नैसर्गिक वगैरे ठीक आहे, पण मोठ्या ग्लासात तेवढी किंवा त्याहून जास्तच साखर असते (रसवंतीची घुंगरं ऐकून थांबू नका असं नाही म्हणत, महिन्यातून एकदा थांबा, लहान ग्लास घ्या, लिंबू-आलं पिळून).

मुलांच्या दुधातली चॉकलेटी पावडर हा वेगळाच विषय. ताकद येते, उंची वाढते म्हणून आपण घालतो. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका. आणि २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, म्हणजे कशात किती साखर ते मुलांना दिसेल असा फलक. पावडरीचा डबा उलटा करून ॲडेड शुगर वाचा आणि मग ठरवा. मुलांचं दूधही चहासारखंच, एकदम बंद नाही, दोन चमच्यांचा दीड, दीडाचा एक.

काय सोडून द्यायचं, म्हणजे काळजी करायची नाही

आमटीतला गुळाचा खडा, कोशिंबिरीतली चिमूटभर साखर, साबुदाण्याच्या खिचडीतला अर्धा चमचा. सहा माणसांत वाटून वाट्याला येतो एखादा ग्रॅम. यावरून घरात भांडण नको. आमटीची चव घालवून वाचवलेला ग्रॅम संध्याकाळी बिस्किटात दुपटीने परत येतो. नेहमीच वाटीभर गूळ घालून भाजी करत असाल तर ती गोष्ट वेगळी.

अख्खी फळं पण खा, बिनधास्त. केळं, चिकू, पेरू, संत्रं, सगळं. फळातली साखर चोथ्यासकट येते, पोट भरतं, आणि सलग पाच संत्री कुणी सोलून खात नाही, रस मात्र पाच संत्र्यांचा एका दमात पितो. म्हणून फळ खायचं, रस नाही. आमरसात साखर घालणाऱ्यांना मी काही बोलत नाही, हापूसने काय पाप केलंय ते त्यांनाच ठाऊक. डायबिटीस असेल तर मात्र कुठलं फळ किती ते डॉक्टरांना विचारून.

गुळाचं काय

आता चिडा. गूळ चांगला, साखर वाईट, असं आपल्या प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, आणि गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हेही खरं. पण तुम्ही खाता तेवढ्या गुळातून मिळणारं लोह अगदी थोडं, आणि बाकीचा बहुतांश भाग साखरच. ग्रॅमला ग्रॅम कॅलरीही जवळपास तेवढ्याच. चहात साखरेऐवजी गूळ घालताना लोक वर जास्त घालतात, कारण तो कमी गोड लागतो आणि मनाला पटलेलं असतं की हा चालतो. मध, काकवी, खांडसारी, ब्राऊन शुगर, सगळ्यांना हेच लागू. चव आवडते म्हणून गूळ खा, मीही तीळ घालून खातो, पण मोजून. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्याचं कारण साखर नसून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका हे आहे.

चौथी पायरी: तलफ

तलफ येते ती ठरलेल्या वेळी येते, हे आधी लक्षात घ्या. चार दिवस फक्त नोंद ठेवा, मोबाईलमध्ये, की गोड खावंसं कधी वाटलं आणि त्याआधी काय खाल्लं होतं, किती झोप झाली होती. बहुतेकांच्या दोनच वेळा निघतात, दुपारी चार-साडेचार आणि रात्री जेवण झाल्यावर.

दुपारची तलफ म्हणजे बऱ्याचदा सरळ भूकच असते. साडेबाराला डबा खाल्ला, त्यात दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडा भात. वरण नाही, दही नाही, उसळ नाही. चार वाजता पोट रिकामं, समोर चहा, ड्रॉवरमध्ये बिस्किट. तेव्हा 'विल-पॉवर' वगैरे काही कामाचं नाही, डबा बदला. मटकी किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, अंडं, पनीर, दह्याची वाटी, यातलं एक काहीतरी दुपारी हवंच. आणि चहाच्या आधी, चहाबरोबर नाही, आधी, मूठभर चणे-फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे. पोटात काही पडलं की चहासोबतचं बिस्किट निम्म्या वेळा आठवतही नाही. फरसाण नको, गोड सोडलेली माणसं शेव-चिवड्यावर उतरतात आणि मग वजन तसंच राहतं.

रात्रीची तलफ वेगळी, पोट भरलेलं असतं आणि जीभ मागत असते. तिथे तीन गोष्टी चालतात. एक, भाजलेली बडीशेप, तीळ, जवस, थोडा ओवा आणि सैंधव, घरीच करून बाटलीत ठेवा, बाजारातली रंगीबेरंगी बडीशेप म्हणजे साखरेचं कवच, ती नको. दोन, जेवल्यावर लगेच दात घासून टाका, घासलेल्या तोंडाला पुन्हा काही खायचा कंटाळा येतो. तीन, उशीर करा. 'खायचं नाही' असं न म्हणता 'वीस मिनिटांनी खाईन' म्हणायचं आणि उठून काहीतरी करायचं, भांडी विसळा, खाली एक चक्कर मारा, कुणाला फोन करा. बऱ्याचदा तेवढ्यात ती ओसरते. नाही ओसरली तर थोडं खा, ताटलीत काढून, बसून. डब्यातून उभ्याउभ्या खाल्लेल्याचा हिशोब लागत नाही.

आणि घरात ठेवूच नका. कपाटात क्रीम बिस्किटांचा फॅमिली पॅक ठेवून संयम करत बसायचं कशाला? दहा मिनिटांत आइस्क्रीम आणून देणारी ॲप्स फोनच्या पहिल्या स्क्रीनवरून काढा, एवढ्यानेही फरक पडतो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात, तेव्हा रात्री दीडपर्यंत वेब सिरीज बघून सकाळी साखरेशी भांडायचं, हे जमत नाही.

शुगर-फ्रीच्या गोळ्या

विचारतातच, म्हणून सांगतो. डायबिटीस असलेल्यांना डॉक्टर सांगतात तेवढ्या त्यांनी घ्याव्यात. बाकीच्यांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये असा सल्ला दिला की वजन उतरवायला अशा बिनसाखरेच्या गोड गोष्टींवर अवलंबून राहू नका. मला त्यातली अडचण वेगळी वाटते, जीभ तेवढ्याच गोडावर अडकून राहते, आणि आपण तर तिचीच सवय बदलायला बसलोय. काही दिवस आधार म्हणून घेतल्या तर घ्या. शुगर-फ्री मिठाईच्या दुकानावरून मात्र लांबूनच जा, त्यात खवा, तूप, सुकामेवा तसाच असतो आणि शुगर-फ्री आहे म्हणून माणूस चार तुकडे खातो.

सणवार

सण सोडायचे नाहीत. पूर्ण बंदी घातली की गणपतीतच मोडते. नियम एवढाच ठेवा की जे खरंच आवडतं आणि वर्षात क्वचित होतं, ते खायचं. उकडीचा मोदक खा, तुपाची धार घेऊन खा. दुकानातला खव्याचा रंगीत मोदक कुणी आणला तर तो प्रसाद म्हणून चिमूटभर. दिवाळीत घरची करंजी खा, पण ऑफिसमधून आलेला सोनपापडीचा डबा उघडायचं कारण नाही, तो तसाच पुढे पाठवा, सगळे तेच करतात. घरी श्रीखंड करायचं असेल तर चक्क्याच्या बरोबरीने साखर घालतात ती पाऊण पटीवर, मग पुढच्या वेळी निम्म्यावर आणता येते, वेलची-जायफळ-केशर नीट पडलं की कुणी विचारत नाही. विकतच्या श्रीखंडात तो पर्याय नसतो.

होळीला पुरणपोळी असली तर ती जेवणातच घ्यायची, एक चपाती आणि भात कमी करून, दुधाबरोबर किंवा तूप घालून, कटाची आमटी वाटीभर. जेवण झाल्यावर वरून 'आता गोड काय' म्हणून बासुंदी नाही. आणि उरलेल्या पोळ्या त्याच संध्याकाळी शेजारी देऊन टाका, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर शिळी पुरणपोळी समोर आली की ती काही केल्या सुटत नाही.